जुन्या पिकअपचे दिवे आणि वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-पंधरा वर्षं माल वाहिलेल्या पिकअपमध्ये नवा बल्ब टाकूनही दिवा लागत नाही, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी सापडतो : अर्थिंग (दिव्यातला करंट बॉडी-चासीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, म्हणजेच 'अर्थ'), होल्डर किंवा नंतर कुणीतरी मारलेला जोड. स्विच, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) आणि फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) यांचा नंबर त्यानंतर. दुकानात मात्र उलट क्रमाने वस्तू विकत घेतल्या जातात. खालची उत्तरं वाचताना हा क्रम ध्यानात ठेवा.

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

बोलेरो पिकअप, कॅम्पर, टाटा २०७ आणि त्यांच्या पिढीतल्या डिझेल पिकअपना. म्हणजे जिथे दिव्यांचा मामला फ्यूज, स्विच, रिले आणि तांब्याची वायर एवढ्यावरच संपतो. बॅटरी १२ व्होल्टची आणि तिची निगेटिव्ह बाजू बॉडीला, हे गृहीत धरलं आहे. मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची वायरिंग वेगळी. नव्या गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिटची देखरेख असते, तिथे खालचे प्रयोग करू नका.

वायरींचे रंग मुद्दाम दिलेले नाहीत. ते मॉडेलप्रमाणे बदलतात आणि गाडी चार वायरमनच्या हाताखालून गेली असेल तर रंगाला काही अर्थच उरत नाही. लाल वायरमध्ये अर्थ आणि काळ्या वायरमध्ये करंट असलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत.

हाताशी काय असावं?

एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच बनवा : २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, त्याचा होल्डर, दीड-दीड मीटरच्या दोन वायरी, टोकांना क्लिपा. याशिवाय १०, १५ आणि २० अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, घासपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) दाबायचा क्रिम्पिंग प्लायर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) आणि पाच मीटर जादा वायर. ही वायर गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते, त्यामुळे मीटरची पिन लांबवायला उपयोगी पडते.

मल्टीमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला?

कारण मीटर फसवतो. वायरीचे सगळे धागे सडून एकच धागा शिल्लक असला, तरी बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला की तो १२.५ व्होल्ट दाखवतो. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्याला तो एक धागा पुरतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. तो लावला की त्या एका धाग्याचं पितळ उघडं पडतं आणि बल्ब मिणमिणतो. म्हणून दिवा लावून, भार चालू असताना मोजलेलं व्होल्टेजच खरं.

एक पथ्य : कॉमन रेल इंजिनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचं कंट्रोल युनिट) आणि सेन्सरच्या वायरींना हा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. तो फक्त दिव्यांच्या वायरींसाठी आहे.

सुरुवात कुठून करायची?

काय बंद आहे ते आधी कागदावर लिहा. एकच दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या दिव्याची अर्थ. एका बाजूचे मागचे सगळे दिवे बंद किंवा विचित्र वागत असतील तर त्या लॅम्पची अर्थ किंवा कपलर (वायरी जोडणारा प्लग). दोन्ही बाजूंचा एकाच प्रकारचा दिवा बंद, उदाहरणार्थ दोन्ही ब्रेक लाइट, तर फ्यूज किंवा स्विच. मागचं सगळंच गेलं तर चासीवरून मागे जाणारी मुख्य वायरिंग. आणि डॅशबोर्डसकट सगळं मंद असेल तर दिव्यांकडे जाऊच नका, आधी बॅटरीची टर्मिनलं पाहा.

इंजिन बंद ठेवून, गाडी दोन-तीन तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. हे दोन आकडे जागेवर नसतील तर पुढची सगळी मोजमापं चुकतील.

ब्रेक मारला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट लुकलुकते. दोन वायरी आपसात चिकटल्या आहेत का?

नाही. हे अर्थ तुटल्याचं लक्षण आहे आणि जुन्या पिकअपमध्ये सर्वांत जास्त वेळ याच एका बिघाडावर वाया जातो.

मागच्या लॅम्पमध्ये टेल, ब्रेक आणि इंडिकेटर या तिघांची अर्थ एकच असते. ती तुटली की करंटला घरी परतायची वाट राहत नाही, मग तो शेजारच्याच्या घरातून जातो. ब्रेक दाबला की करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून येतो, अर्थ सापडत नाही, म्हणून टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेलच्या वायरीने पलीकडच्या लॅम्पपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थवर उतरतो. वाटेतले सगळे बल्ब अर्धवट पेटतात. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला तर टेलचा रस्ताही बंद, मग करंट इंडिकेटरमधून वाट काढतो.

खात्री करायला अर्धा मिनिट लागतं. जादा वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरं टोक लॅम्पच्या अर्थ वायरीला टेकवा. दिवे शहाण्यासारखे वागू लागले की निकाल लागला.

आता दुरुस्ती. अर्थची वायर चासीला किंवा हौद्याच्या पत्र्याला जिथे बोल्टने कसली आहे तो बोल्ट काढा. बाहेरून ती जागा चांगली दिसते, पण थिंबल उचललं की खाली तपकिरी भुकटी आणि वायरीच्या तोंडाशी हिरवा कळंक. पत्रा घासपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर किंवा अंडरकोटिंगवर अर्थ कसू नका. रंग हे उत्तम इन्सुलेशन आहे. वायर एक इंच मागे कापा. तांबं आतून काळं निघालं तर आणखी एक इंच कापा. नवीन थिंबल, दाते असलेला वॉशर, नवीन बोल्ट. कसून झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर.

हौदा चासीवर रबर किंवा लाकडाच्या पट्ट्यांवर बसलेला असेल, तर हौद्याला दिलेली अर्थ कधी चालते, कधी नाही. खड्ड्यात दिवा जातो आणि पुढच्या खड्ड्यात परत येतो, तो यामुळे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही मागच्या लॅम्पच्या अर्थ एकत्र करून अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या) एका वायरीने थेट चासीवर आणणं. आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीला व इंजिनला जाणाऱ्या पट्ट्या तपासायच्या राहून जातात, त्या राहू देऊ नका.

अर्थ चांगली आहे हे आकड्यात कसं सांगायचं?

मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी लॅम्पच्या अर्थ वायरीवर. दिवा चालू. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ दिसलं तर अर्थ आजारी आहे. पाच-सात व्होल्ट दिसले तर ती अर्थ नाहीच. हीच पद्धत पॉझिटिव्ह बाजूलाही चालते : एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी पेटलेल्या बल्बच्या पॉझिटिव्ह टोकावर. हेडलाइटसाठी ०.५ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर पिन एकेक कपलर मागे सरकवत जा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, बिघाड त्यांच्यामध्ये आहे.

हेडलाइट पिवळट आणि मंद आहेत. मोठ्या वॅटचे बल्ब टाकू का?

अजिबात नको. एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याच्या जागी १००/९० टाकले की त्याच वायरीतून दीडपटीहून जास्त करंट जातो, व्होल्टेज आणखी पडतं आणि काही महिन्यांत होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं. बल्ब काढून होल्डर डोळ्यांसमोर धरा. तीनपैकी एका खाचेभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असेल आणि आतली पत्ती निळसर-काळी, तर ती पत्ती सैल होऊन तापली आहे. असा होल्डर घासून वापरू नका, बदला. शक्य असेल तर सिरॅमिकचा घ्या.

मंदपणाचं मूळ दुसरीकडे आहे. रिले नसलेल्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून कॅबिनमधल्या स्विचपर्यंत, तिथून डिपर स्विचमध्ये (अप्पर म्हणजे लांबचा आणि डिपर म्हणजे खालचा उजेड बदलणारा) आणि मग पुन्हा पुढे येतो. दोन ५५ वॅटच्या बल्बना नऊ-दहा अँपिअर लागतात. बारीक वायर, चार-पाच जुने कपलर आणि दोन झिजलेले स्विच मिळून दीड व्होल्ट सहज खातात. व्होल्टेज १० टक्के घसरलं की हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणजे बल्बपाशी १३.५ ऐवजी १२ व्होल्ट पोचत असतील तर तुम्ही एक तृतीयांश प्रकाश वायरीतच जाळताय.

मग रिले किट कसं बसवायचं?

दोन रिले घ्या, एक अप्परचा आणि एक डिपरचा. रिलेवर नंबर कोरलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून अडीच एमएमची वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज. दोन्ही रिलेंना स्वतंत्र फ्यूज द्या, म्हणजे घाटात एक उडाला तरी दुसरा प्रकाश उरतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नसतं. ८७ नंबरवरून दोन्ही हेडलाइटना अडीचचीच वायर. ८६ ला गाडीच्या मूळ हेडलाइट होल्डरमधली वायर : डिपरची डिपरच्या रिलेला, अप्परची अप्परच्या. ८५ ला अर्थ. दोन्ही हेडलाइटची अर्थ नव्याने अडीचच्या वायरीने द्या. नाहीतर पॉझिटिव्ह सुधारून निम्मंच काम होतं. रिलेच्या कॉइलला अँपिअरच्या पाचव्या हिश्शाइतकाही करंट लागत नाही, त्यामुळे डिपर स्विचचं आयुष्यही वाढतं.

बाजारात तयार हार्नेस मिळतात. घेताना वायर सोलून तांबं पाहा. जाड पीव्हीसीच्या आत केसाएवढे चार धागे असलेले किट भरपूर विकले जातात.

रिले बोनेटखाली उभे, पिना खाली तोंड करून बसवा. आडवे किंवा उताणे बसवले की पावसाचं पाणी पिनांपाशी साचतं.

एका बाजूला डिपर लागतो, अप्पर नाही. किंवा एक हेडलाइट अंधूक आणि डॅशबोर्डचा निळा दिवाही हलका पेटलेला. का?

पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा बल्बचं एक फिलामेंट तुटलेलं असतं. बल्ब डाव्या-उजव्या बाजूला अदलाबदल करून पाहा. बिघाड बल्बबरोबर सरकला तर बल्ब, जागेवरच राहिला तर होल्डर किंवा वायर. दुसरा प्रकार म्हणजे त्या हेडलाइटची अर्थ गेली. करंट डिपरच्या फिलामेंटमधून येऊन अप्परच्या फिलामेंटमधून उलटा निघतो आणि निळ्या दिव्यालाही थोडा मिळतो. दोन्ही बाजूंचा फक्त अप्पर किंवा फक्त डिपर गेला असेल तर फ्यूज आणि डिपर स्विच.

इंडिकेटर फार जोरात टिकटिकतो.

त्या बाजूचा एक बल्ब उडालाय किंवा त्याची अर्थ गेली आहे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर भार कमी झाला की मुद्दाम वेग वाढवतो, म्हणजे चालकाला कळावं. नियमित वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा. जुन्या तापणाऱ्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये उलट होतं : बल्ब गेला की तो संथ होतो किंवा दिवा नुसता पेटून राहतो. २१ वॅटच्या जागी १० वॅटचा बल्ब टाकला तरीही वेग बिघडतो, म्हणून बल्बच्या पितळी टोपीवरचा आकडा वाचा.

इंडिकेटर एकाही बाजूचा लागत नाही, पण हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालतात.

मग बल्ब, वायरी, बहुधा फ्लॅशरसुद्धा ठीक आहे. इंडिकेटरचा करंट इग्निशनच्या फ्यूजमधून येतो, हझार्डचा थेट बॅटरीकडून. तेव्हा आधी इग्निशनकडचा फ्यूज पाहा. तो चांगला असेल तर हझार्डचं बटण जोराने दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट याच बटणातून जातो आणि वर्षानुवर्षं न दाबल्याने आत कार्बन धरतो. काम झालं तर बटण उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. नाही झालं तर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच.

हझार्डही बंद असतील तर फ्लॅशर काढा आणि त्याच्या सॉकेटमधल्या ४९ आणि ४९ए या पिना (काही फ्लॅशरवर बी आणि एल लिहिलेलं असतं) वायरीच्या तुकड्याने जोडा. इंडिकेटर देऊन दिवे नुसते पेटून राहिले तर फ्लॅशर मेला. तिसरी पिन अर्थची असते. तिला अर्थ मिळत नसेल तर नवा फ्लॅशरही चालत नाही, आणि मग दुकानदाराशी विनाकारण भांडण होतं.

ब्रेक लाइट लागत नाहीत. किंवा बंदच होत नाहीत.

पॅडलच्या वर दांड्याला टेकलेला एक छोटा स्विच असतो. त्याचं कपलर काढा. दोनच वायरी असतील तर त्या आपसात जोडा. दिवे लागले तर स्विच खराब किंवा त्याची चकती सरकलेली. नाही लागले तर फ्यूज आणि मागची वायरिंग. चार वायरी असतील तर दोन ईसीयूच्या आहेत, तिथे आंधळेपणाने जोडाजोडी नको.

दिवे सतत पेटत असतील तर पॅडलच्या दांड्यावर स्विच जिथे टेकतो तिथलं रबर किंवा प्लॅस्टिकचं बटण गळून पडलं आहे का ते पाहा. पायाखालच्या मॅटवर त्याचे तुकडे सापडतात.

होल्डरही तपासा. टेल-ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा, २१/५ वॅटचा, आणि त्याच्या बाजूच्या दोन पिना वरखाली असतात. जोर लावून उलटा बसवला तर टेल प्रखर आणि ब्रेक मंद होतो. त्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब कोंबला तर त्याच्या बुडाचा एकच ठिपका दोन्ही पत्त्यांना टेकतो, आणि ब्रेक दाबला की पार्किंग, नंबर प्लेट, डॅशबोर्ड सगळं उजळतं.

फ्यूज टाकला की लगेच उडतो. मोठा टाकू का?

१० चा उडतो म्हणून ३० चा टाकणं म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणं. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळणं त्याहून वाईट. एकेक फ्यूज जाळत बसण्याऐवजी असं करा : त्या सर्किटचे सगळे बल्ब काढून घ्या, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पच्या दोन क्लिपा लावा, स्विच चालू करा. शॉर्ट असेल तर टेस्ट लॅम्प पूर्ण पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणजे काही जळणार नाही. आता मागच्या बाजूने एकेक कपलर सोडवत या, वायरिंग हलवत या. ज्या क्षणी लॅम्प विझेल ती जागा पकडा. एकटी व्यक्ती हे काम करू शकते, कारण लॅम्प काचेवर टेकवून ठेवला की हौद्याखालूनही त्याचा उजेड कळतो.

फ्यूज लगेच न उडता फक्त खड्ड्यात उडत असेल तर वायर कुठेतरी पत्र्याच्या कडेला घासते आहे.

वायर घासते ती नेमकी कुठे?

चासीच्या आडव्या पट्टीला जिथे भोक आहे आणि रबरी ग्रोमेट निघून गेलं आहे तिथे. स्टेपनीच्या वर. मागच्या अॅक्सलच्या वर, जिथे भरलेल्या गाडीचे पाटे दबले की वायर चिमटते. सायलेन्सरजवळ, जिथे क्लिप तुटून वायर लोंबते. फाळक्याच्या बिजागरीपाशी, जर नंबर प्लेटचा दिवा फाळक्यावर असेल तर. आणि टेल लॅम्पच्या मागे, जिथे फाळका पडताना किंवा क्रेट चढवताना धक्का बसतो.

मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. बर्फ वितळून मिठाचं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीच्या वायरिंगवर ठिबकतं. कोकणपट्टीतल्या अशा गाडीत मागची वायरिंग हौद्याखाली मधोमध न नेता चासीच्या आतल्या बाजूने, कोरुगेटेड पाइपमधून न्या, आणि पाइपला सर्वांत खालच्या जागी एक चीर ठेवा. शिरलेलं पाणी निघायला वाट नसेल तर पाइप म्हणजे बाटलीच.

जोड कसा मारावा?

पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिला पावसाळा जेमतेम काढतो. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, आत ओल शिरते आणि तांबं वायरीच्या आतल्या आत वीतभर काळं पडत जातं. चांगला जोड म्हणजे तांब्याची नळी टाकून क्रिम्पिंग प्लायरने दाबलेला, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. स्लीव्ह जोडाच्या आधी वायरीत घालायची असते, हे प्रत्येकजण एकदा तरी विसरतो. शिसं लावलेला जोड कॅबिनमध्ये ठीक. चासीवर नको, कारण शिसं जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

टेल, पार्किंग आणि नंबर प्लेटला एक एमएम, ब्रेक आणि इंडिकेटरला दीड, हेडलाइटला अडीच. घरगुती वायर बोनेटखाली वापरू नका. तिचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं, इंजिनजवळ ते मऊ पडतं. ऑटो केबलच मागा.

बल्ब वारंवार उडतात.

सगळीकडचे उडत असतील तर चार्जिंग मोजा. इंजिन जरा रेस करून बॅटरीवर १४.८ च्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला. तो बल्बांबरोबर बॅटरीचंही पाणी संपवतो. एकाच जागचा उडत असेल तर हादरा : लॅम्पचा एखादा बोल्ट गायब किंवा रबर वाळलेलं. हेडलाइटचा असेल तर हाताचा तेलकटपणा काचेला लागला असेल. हॅलोजनची काच बोटांनी धरू नका, लागलीच तर स्पिरिटने पुसा.

एलईडी बल्ब टाकले तर?

मागच्या टेल-ब्रेकला चांगल्या प्रतीचे चालतात, पण लाल काचेमागे लालच एलईडी घ्या. पांढरी टाकली की रंग गुलाबी पडतो. इंडिकेटरला टाकले की फ्लॅशर भार नाही समजून जोरात टिकटिकतो. त्यासाठी ६ ओहमचे रेझिस्टर विकतात, पण तो पेटलेला असताना ३० वॅट उष्णता फेकतो आणि प्लॅस्टिकला चिकटवला तर ते वितळवतो. त्यापेक्षा एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्या.

एच४ च्या हेडलाइटमध्ये एलईडी टाकू नका. त्या परावर्तकाचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर आखलेला असतो. प्रकाशाचा उगम थोडा जरी सरकला तरी उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि धुक्या-पावसात स्वतःलाही पांढरा पडदाच दिसतो.

हेडलाइटचा कोन कसा लावायचा?

सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. पिकअपची मेख अशी, की माल भरला की मागून बसते आणि पुढून तोंड वर करते. त्यामुळे गाडी रोज भरून जात असेल तर भरलेल्या अवस्थेतच कोन लावा.

रिव्हर्स लाइट आणि नंबर प्लेटचा दिवा?

रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर असतो. इग्निशन चालू ठेवून त्याच्या दोन वायरी जोडा. दिवा लागला तर स्विच बदला. नंबर प्लेटच्या दिव्यात बहुतेकदा होल्डर गंजलेला असतो. दुरुस्तीत वेळ घालवू नका, नवाच लावा.

लॅम्पच्या आत पाणी साचतं.

गॅस्केट पाहा आणि मागच्या वायरीच्या भोकाचं रबर पाहा. सगळीकडून सिलिकॉन थापू नका. लॅम्पच्या तळाला वाफ जायचं बारीक भोक असतं, ते बुजलं असेल तर मोकळं करा.

रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते.

इग्निशन बंद, दारं बंद. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडा. ०.०५ अँपिअरच्या आत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला की सर्किट सापडलं. १० वॅटचा एक विसरलेला दिवा बारा तासांत १० अँपिअर-तास खातो. ६० अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीने सकाळी स्टार्टर न फिरवायला तेवढा फरक पुरतो. सर्वांत संशयित असतात नंतर बसवलेले हौद्यातले दिवे, गाण्यांचा टेप आणि शोभेच्या पट्ट्या, ज्यांचा करंट इग्निशनऐवजी थेट बॅटरीवरून घेतलेला असतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

हौद्याला अँगल वेल्ड करायचा आहे, काय काळजी घ्यायची?

बॅटरीची निगेटिव्ह काढा, अल्टरनेटर आणि ईसीयू असेल तर त्यांची कपलरं काढा. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. लांब लावली तर वेल्डिंगचा करंट दिव्यांच्या बारीक अर्थमधून वाट शोधतो आणि ती जाळतो. चासीवरची वायरिंग क्लिपांतून सोडवून बाजूला घ्या, ओला गोणपाट टाका. रंगकाम झाल्यावर अर्थचे बोल्ट पुन्हा उघडून रंग खरवडा. 'रंग दिल्यापासून दिवे गेले' या तक्रारीचं कारण बहुधा हेच निघतं.

फिटनेसला जाताना दिव्यांचं काय पाहतात?

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आदल्या दिवशी संध्याकाळी अंधार पडताना एकाला मागे उभं करून सगळे दिवे पाहा : अप्पर, डिपर, पार्किंग, चारही इंडिकेटर, हझार्ड, ब्रेक, रिव्हर्स, नंबर प्लेट. इंडिकेटर पिवळा, ब्रेक लाल, रिव्हर्स पांढरा. तडकलेली काच बदला. परावर्तक पट्ट्या पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. धुळीने माखलेली पट्टी आधी धुऊन पाहा, बऱ्याचदा ती चांगलीच असते.

वायरिंग पूर्ण बदलायची वेळ कधी येते?

वायर दुमडली की आवरणाला तडे जातात, तीन वेगवेगळ्या जागी कापूनही तांबं काळंच निघतं, किंवा एका वायरीवर मीटरभरात तीन जोड सापडतात, तेव्हा. पण सगळी बदलायची गरज क्वचितच पडते. मागची वायरिंग स्वतंत्र कपलरने जोडलेली असते आणि सर्वांत आधी तीच मरते, तेवढीच बदला. उंदरांनी कुरतडलेली असेल तर नुसती वायर बदलून भागत नाही. बोनेटखाली चिंध्या, भुईमुगाची टरफलं किंवा कागदाचा चुरा सापडला तर तो आधी साफ करा, नाहीतर आठवड्याभरात नवी वायरही जाते. मागची वायरिंग टाकताना एक वायर जास्तीची टाका, दोन्ही टोकं स्लीव्हने बंद करून ठेवा. पुढे एखादी वायर मेली की हौदा न उचलता काम भागतं.